पॉवर काढलेली गाडी

"मामू, गाडीचं पॉवर काढायचंय."

भाचा हे म्हणाला तेव्हा मी नववीच्या वह्या तपासत बसलो होतो. मला वाटलं, पेट्रोल वाचवायला इंजिनची ताकद कमी करायची असेल. तो हसला. "इंजनचं नाही मामू, स्टेअरिंगचं. पॉवर स्टेअरिंग काढून साधं बसवायचं."

आमच्या घरातलं बोलणं उर्दूत, बाजारातलं अहिराणीत आणि शाळेतलं मराठीत. भाचा तिन्ही भाषा एकाच वाक्यात आणतो. तो दोंडाईच्यातच एका गॅरेजमध्ये काम करतो. गाडीबद्दल बोलताना त्याला थांबवणं कठीण. परवानगी मागायला माझ्याकडे आला, कारण त्या गाडीत माझे वीस हजार रुपये होते. ते मी परत मागणार नव्हतो, हे त्यालाही ठाऊक होतं. पण मामूला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, एवढा अदब त्याने पाळला. आणि मी 'हो' म्हणालो. आज लिहायला बसलोय ते त्या 'हो'बद्दल.

गाडी म्हणजे मारुती एस्टीम, व्हीएक्स मॉडेल. पंधरा वर्षं उलटून फेरनोंदणी झालेली. ज्यांनी ती नव्वदच्या दशकात पाहिली असेल त्यांना आठवेल. १९९४ साली आली आणि २००७ पर्यंत बनत राहिली. दिसायला साधी, कुटुंबाची गाडी. पण वजनाला हलकी आणि इंजिन १.३ लिटरचं, त्यामुळे पळायला तेज. रॅलीवाल्यांची ती लाडकी होती. आत लोखंडी पाइपांचा पिंजरा ठोकून, मागची सीटं काढून ती धुळीच्या रस्त्यांवर उडवली जायची. भाच्याने हे सगळं मोबाइलवर पाहिलेलं. आपल्या गाडीला तो अजूनही 'रॅलीची गाडी' म्हणतो, मग तिच्या डिकीत भाजीची पिशवी का असेना.

प्रत्यक्षात ती रॅलीची नव्हती, आमच्या दुल्हेभाईंची होती. दुल्हेभाई, म्हणजे माझ्या आपाचे शौहर, पंचवीस वर्षं ट्रक चालवत. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. डावा हात आणि डावा पाय गेला, जीभही थोडी जड झाली. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शनिवारी, त्यांना व्यायामोपचारासाठी धुळ्याला न्यावं लागतं. भाच्याला रोज सुट्टी मिळेना. एसटीत चढवणं-उतरवणं जमेना. मग ही गाडी घेतली, आणि वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी माझी आपा गाडी चालवायला शिकली. गल्लीतल्या बायका आधी हसल्या. आता त्यांच्यापैकी दोघी तिच्याकडे 'आम्हाला पण शिकव' म्हणून मागे लागल्या आहेत.

आता, चांगली सोय असताना ती काढून टाकायची ही काय अवदसा, असं तुम्हालाही वाटेल. मलाही वाटलं. पण भाच्याने वहीच्या मागच्या पानावर चित्र काढून समजावलं आणि मी ऐकत राहिलो. शिक्षकाला कुणी नीट शिकवलं की तो लगेच विरघळतो.

स्टेअरिंगच्या दांड्याला खाली एक छोटं दातेरी चाक असतं, पिनियन. ते एका आडव्या दातेरी पट्टीवर, म्हणजे रॅकवर फिरतं. पट्टी डावी-उजवीकडे सरकते आणि चाकं वळतात. साधं स्टेअरिंग एवढंच. पॉवर स्टेअरिंगमध्ये इंजिनच्या पट्ट्यावर एक पंप चालतो. तो तेल दाबाने रॅककडे पाठवतो. तुम्ही स्टेअरिंग फिरवलं की आतली एक बारीक सळई किंचित पिळली जाते, त्या पिळावरून वाल्व उघडतो आणि तेल रॅकला त्या बाजूने ढकलतं. काम तेल करतं, माणूस फक्त इशारा करतो.

हे काही फार जुनं नाही. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या इंजिनिअरने १९२०च्या दशकात याची यंत्रणा तयार केली. पण बाजारातल्या मोटारीत ती पहिल्यांदा आली १९५१ साली, क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये. आपल्याकडे तर डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८००ने अख्ख्या देशाला गाडी चालवायला शिकवलं, ते साध्या स्टेअरिंगवरच.

"मग यात वाईट काय?" मी विचारलं.

"वाईट नाही मामू. पण रस्ता गप्प होतो."

त्याचं म्हणणं असं. वळणावर पुढचं टायर जमिनीला चिकटून थोडं वाकतं आणि स्वतःला सरळ करायला पाहतं. ते बळ रॅकमधून, दांड्यातून थेट तळहातात येतं. वळण जितकं तेज तितकं स्टेअरिंग जड. आणि टायरची पकड सुटायच्या थोडं आधी ते बळ कमी होतं, स्टेअरिंग एकदम हलकं लागतं. चालवणाऱ्याला हाताने कळतं की आता बस, पाय उचल. पॉवर स्टेअरिंगमध्ये हा निरोप तेलात पातळ होतो. म्हणून शर्यतीचे शौकीन मुद्दाम ते काढतात. माझ्दाची एमएक्स-५ नावाची दोन माणसांची छोटी गाडी १९८९ साली आली. तिच्यातलं पॉवर काढून टाकणारे जगभर आहेत. इंग्रजांची लोटस एलिस आणि इटलीची अल्फा रोमिओ ४सी या गाड्या तर कारखान्यातूनच पॉवरशिवाय आल्या. इंजिन मागे, नाक हलकं, मग हाताला झेपतं.

माझ्दावाल्यांनी त्या गाडीसाठी जपानी भाषेतला एक शब्दप्रयोग वापरला होता, 'जिनबा इत्ताई'. अर्थ असा, की स्वार आणि घोडा एकजीव. हे ऐकून मला आपलं सारंगखेडं आठवलं. दोंडाईच्याहून शहाद्याकडे जाताना तापीकाठी सारंगखेडा लागतं. दत्तजयंतीला तिथे एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोड्यांचा बाजार भरतो. लहानपणी अब्बांबरोबर जायचो. घोडा फिरवून दाखवणारे लगाम दोन बोटांत धरायचे. ओढायचे नाहीत, नुसता ताण ठेवायचे. अब्बा म्हणत, अनाडी माणूस लगामाने घोड्याला सांगतो आणि जाणकार लगामातून घोड्याचं ऐकतो. भाचा त्याच गोष्टीसाठी धडपडत होता, हे मला पटलं. आणि खरं सांगतो, मलाही एकदा ते हाताने पाहायचं होतं.

त्याच दिवसांत आपा आणि दुल्हेभाई मालेगावला मुलीकडे जाणार होते, तिच्या बाळंतपणासाठी. पाच आठवडे. जावई स्वतः न्यायला येणार होता आणि उपचारांची सोयही तिकडेच होणार होती. गाडी रिकामी, भाचा मोकळा. मी 'हो' म्हणालो. पाच आठवड्यांनी ती गाडी कोण चालवणार, हा प्रश्न माझ्या मनात आलाच नाही.

पहिला प्रयोग फसला. भाच्याने उत्साहात पंपाचा पट्टा काढला आणि मला बसवलं. स्टेअरिंग हलेना. साध्या गाडीपेक्षाही जड! कारण पट्टा काढला तरी रॅकमधला दट्ट्या आणि तेल तिथेच राहतं. आता ते तेल पंपाऐवजी माझे दंड ढकलत होते. शिवाय पॉवरचा रॅक थोड्या फेऱ्यांत चाकं वळवणारा असतो, मागे ताकद आहे हे धरूनच बनवलेला. बाजार समितीच्या वळणावर मी घामाघूम झालो. मिरचीचा हंगाम, हवेत ठसका, मागे ट्रॅक्टर. ट्रॅक्टरवाला ओरडला, "सर, कथा चालना?" मी कुठेच चाललो नव्हतो, हीच अडचण होती.

बाहेरचे शौकीन पॉवरचाच रॅक उघडतात, दट्ट्याचं सील काढतात, आणि ती पिळणारी सळई ढिली लागू नये म्हणून पिनियनला वेल्डिंग मारून पक्की करतात. भाच्याने त्याला साफ नकार दिला. "स्टेअरिंगच्या पार्टला मी वेल्डिंग मारणार नाही मामू. तुटलं तर तोडगा नाही." पोरगं रॅलीची स्वप्नं पाहतं, पण कारागीर म्हणून त्याचं डोकं ठिकाणावर आहे, हे तेव्हा कळलं. सरळ मार्ग असा होता की एस्टीमच्याच एलएक्स मॉडेलला कंपनीचं साधं स्टेअरिंग येत असे. कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून त्याने तसा रॅक आणला, खोलून पाहिला, ग्रीस भरलं, टाय रॉडचे टोक नवे घातले, पंप आणि नळ्या काढल्या आणि चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं. रंग, इंजिन, बांधणी यांत काही बदल नव्हता. तरीही मी त्याला सांगितलं की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे, आरटीओत आणि विम्यावाल्याला विचारून घे. अशा गोष्टी न विचारता करणाऱ्यांना नंतर पस्तावताना पाहिलंय.

रविवारी फजरनंतर आम्ही निघालो. शहाद्याचा रस्ता, दोन्ही बाजूंना कापूस, उजाडत होतं. गाडी उभी असताना स्टेअरिंग जडच होतं. पण चाकं फिरू लागली तसं ते सैल झालं आणि वेग चढल्यावर तर मला विसरच पडला की काही काढलंय. मग हळूहळू कळायला लागलं. डांबराचं ठिगळ आलं तर तळहाताला बारीक कंप. रस्त्याचा उतार डावीकडे, तर डाव्या बाजूला अगदी हलकी ओढ. एका वळणावर ट्रॉलीतून सांडलेली रेती होती. मला ती दिसायच्या आधी हातातलं ओझं जरासं कमी झालं. मी पाय उचलला. काहीच झालं नाही, गाडी नीट वळली. पण तापीच्या पुलावर थांबलो तेव्हा भाचा माझ्याकडे बघून नुसता हसत होता. मीही हसलो. पंचेचाळिशी ओलांडलेला मास्तर आणि त्याचा भाचा, दोघे एकाच वयाचे झालो होतो.

त्या आनंदाच्या भरात मी आणखी एक गोष्ट केली. मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो. वर्षानुवर्षं माझी रीत अशी, की धडा वाचायचा आणि ओळीगणिक उर्दूत अर्थ सांगायचा. मुलं पास होतात. पण दहावीनंतर तहसील कचेरीत एक अर्ज लिहायचा तर माझ्याकडे येतात. मला वाटलं, मीच तो पंप. मुलांच्या हाताला मराठीचा रस्ता लागूच देत नाही. सोमवारी वर्गात जाहीर केलं, आजपासून मराठीच्या तासाला उर्दू बंद.

पहिल्या आठवड्यात चार-पाच मुलं खुलली. बाजारात दुकान असलेली, अहिराणी-मराठी कानावर पडणारी. चुकत होती, हसत होती, पण बोलत होती. मी खूश. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की खिडकीजवळच्या बाकावरची एक मुलगी पुस्तक उघडतच नाही. आधी ती रोज काहीतरी विचारायची. मी विचारलं तर उर्दूत, अगदी हळू म्हणाली, "सर, मला वाटलं, मी ढ झाले."

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. काहीतरी बोलून फळ्याकडे वळलो.

त्याच आठवड्यात आपा आणि दुल्हेभाई मालेगावहून परतले. नातू झाला होता, घरात मिठाई, पाहुणे. भाचा म्हणाला, अम्मीला सरप्राइज देऊ. मीही गप्प राहिलो. मंगळवारी सकाळी नेहमीसारखी तिने गाडी काढली. गल्ली अरुंद, घराच्या दाराशी दोन वेळा मागे-पुढे केल्याशिवाय गाडी वळत नाही. भाचा कामावर गेला होता, मी शाळेत. धुळ्याला पोहोचून दवाखान्याच्या आवारात गाडी लावताना कुणा वॉचमनने मदत केली म्हणे. दुपारी परत आली आणि संध्याकाळी मला फोन केला.

"भाई, एक विचारू? तू कुणाला सांगू नकोस. माझ्या हातातला जोर गेलाय का? आज स्टेअरिंग फिरेना. यांच्यासारखं मला पण काही होतंय का?"

दिवसभर ती हेच मनात घेऊन बसली होती. नवऱ्याचा झटका सुरू झाला तोही हातापासूनच. धुळ्याहून घरापर्यंत ती शेजारी बसलेल्या त्यांना काही न दाखवता, स्वतःची बोटं मोजत, मुठी आवळत आली होती. मुलाने बदललेल्या एका लोखंडी पट्टीमुळे माझी बहीण एक अख्खा दिवस मरणाच्या विचारात होती. आणि मला आधीपासून सगळं माहीत होतं.

मी सायकल काढून तसाच तिच्या घरी गेलो. सांगितलं. ती आधी हसली, मग रडली, मग भाच्याला जे काही बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. मला मात्र काही बोलली नाही. त्याचाच जास्त त्रास झाला.

दुल्हेभाई खाटेवर पडून ऐकत होते. अडखळत म्हणाले, "पच्चीस साल चलाया बगैर पॉवर के. किसीने नहीं पूछा, फील कैसा है."

मग तेच बोलत राहिले, तुकड्या-तुकड्यांत. जुन्या टाटाचं स्टेअरिंग परातीएवढं का असायचं, तर तरफेचा जोर मिळावा म्हणून. मिरचीची पोती भरून कोंडाईबारीचा घाट चढायचा, नवापूरमार्गे सुरत गाठायची. वळणावर अर्धं उभं राहून स्टेअरिंग ओढायचं. मुक्कामाला पोहोचल्यावर घास तोंडाकडे नेताना खांदा दुखायचा. त्यांच्याबरोबरचे कितीतरी ड्रायव्हर पन्नाशीच्या आत खांदे धरून बसले. ज्या गोष्टीसाठी आम्ही दोघं एवढा खटाटोप करत होतो, ती त्यांना फुकट मिळाली होती. तिच्यातून सुटका त्यांना हवी होती.

बोलता बोलता थांबले आणि म्हणाले, "एक बार मेरेकू बिठा."

दुसऱ्या दिवशी असरनंतर भाच्याने गाडी गावाबाहेरच्या मोकळ्या पटांगणावर नेली. मिरची अजून वाळत टाकली नव्हती, माणूस-जनावर कुणी नव्हतं. भाचा चालवायला, दुल्हेभाई शेजारी, आपा आणि मी मागे. पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने गाडी निघाली. दुल्हेभाईंनी चांगला उजवा हात पुढे करून स्टेअरिंगवर ठेवला. भाच्याने आपले हात सैल केले.

गाडी गोल फिरत होती. दुल्हेभाईंनी डोळे मिटले. "गिट्टी," म्हणाले. खाली खडी होती. थोडं पुढे गेल्यावर, "नरम मिट्टी." मग, "नाली." एक उथळ चारी होती, चाक उतरून चढलं. तीन वर्षांत मी त्यांचा असा चेहरा पाहिला नव्हता. तीन वर्षं दुसऱ्यांनी त्यांना उठवलं, बसवलं, भरवलं, नेलं. त्या पटांगणात दहा मिनिटं जमीन परत त्यांच्याशी बोलत होती. आपा मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बसली होती. भाचा समोर बघत नाक पुसत होता.

गाडी थांबली. दुल्हेभाईंनी हात काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "अच्छा किया बेटा. अब वापस लगा दे. सनीचर कू तेरी अम्मी कू धुळे जाना है."

दोन रात्री जागून भाच्याने पॉवरचा रॅक परत बसवला. नवी सीलं, नवं तेल. पुढची चाकं उचलून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत नळ्यांतली हवा काढली. ते काम मी केलं, शिक्षा म्हणून. साधा रॅक ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून त्याने गॅरेजच्या फळीवर ठेवलाय. त्याच्या स्वतःच्या, एकट्याच्या गाडीसाठी. ती कधी येईल ते अल्लाह जाणे, पण त्याने पैसे टाकायला सुरुवात केली आहे. माझे वीस हजार मी त्याला तिकडेच वळवायला सांगितलेत.

त्या शौकात खोट आहे असं मला आजही वाटत नाही. रस्ता हाताला लागणं ही मोठी गोष्ट आहे, मी ती अनुभवली. चूक एवढीच की स्टेअरिंग माझ्या हातात असल्यासारखा मी निर्णय दिला, आणि चालवणारी दुसरीच होती. वर्गातही तेच. आता धडा पहिल्यांदा वाचतो तेव्हा उर्दूत अर्थ सांगतो. दुसऱ्या वाचनाला सांगत नाही, पण कुणी विचारलं तर कुठल्याही भाषेत विचारू देतो. खिडकीजवळची मुलगी गेल्या आठवड्यात बचत गटाच्या अर्जाचा नमुना स्वतः लिहून घेऊन आली. चार चुका होत्या. तिने पुढे केलेल्या वहीत मी तिच्यासमोरच दुरुस्त केल्या.

शनिवारी सकाळी मी मुद्दाम आपाच्या घरी गेलो. दुल्हेभाईंना पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला. आपा बसली, गाडी सुरू केली, एका हाताने स्टेअरिंग पूर्ण फिरवलं आणि दुसऱ्या हाताने त्यांच्या घामाचा रुमाल सरळ केला. गल्लीच्या तोंडाशी गाडी एका दमात वळली. जाताना तिने काच खाली करून मला सांगितलं, "भाई, पुढच्या वेळी काही काढायचं असेल, तर आधी मला विचार."

मी मान हलवली.